चौरस पत्रा, नऊ चौकटी आणि कर्णावरची संख्या

धातूच्या सपाट, चौरस पत्र्याला विद्युतप्रभार दिला तर तो त्यावर कसा पसरेल, आणि साऱ्या पत्र्याचा विभव (पोटेन्शियल) एक एकक व्हावा म्हणून एकूण किती प्रभार लागेल, हा प्रश्न ऐकायला साधा वाटतो. गोलाचे उत्तर एका ओळीत मिळते आणि वर्तुळाकार चकतीचेही मिळते, पण चौरसाचे उत्तर आजपर्यंत कोणालाही नेमक्या सूत्रात लिहिता आलेले नाही. ते आकडेमोडीनेच काढावे लागते, आणि ती आकडेमोड म्हणजे सीमा समाकल समीकरणांच्या साऱ्या विषयाची छोटी प्रतिकृती आहे, असे माझे मत आहे. या विषयाची ओळख करून देताना मी हल्ली संगणकाला हातच लावत नाही. वही, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन नऊ चौकटींचा पत्रा सोडवायला बसतो. या लेखात तो पत्रा सविस्तर मांडतो, कारण पुढे ज्या अडचणींवर मोठमोठी तंत्रे उभी राहिली, त्यांतल्या बहुतेक अडचणी त्या नऊ चौकटींत आधीच दिसतात.

मुळातली कल्पना अशी. स्थिर विद्युतक्षेत्राचा विभव प्रभार नसलेल्या जागेत लाप्लासचे समीकरण पाळतो. हे समीकरण नेहमीच्या रीतीने सोडवायचे तर पत्र्याभोवतीची सारी हवा, तीही अनंतापर्यंत, जाळीने भरावी लागते आणि जाळीच्या प्रत्येक गाठीवरचा विभव अज्ञात धरावा लागतो. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमलगतच्या स्नेंटन येथे वडिलांची पवनचक्की चालवणाऱ्या जॉर्ज ग्रीन यांनी १८२८ साली वर्गणीदारांच्या मदतीने जो निबंध छापला, त्यातून वेगळी वाट निघाली. एका बिंदूवरच्या एकक प्रभाराचा विभव आपल्याला आधीच माहीत असतो, तो अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. मग साऱ्या जागेचा विचार करण्याऐवजी केवळ पृष्ठभागावरच्या प्रभाराची घनता अज्ञात धरावी आणि ‘पृष्ठभागावरच्या प्रत्येक बिंदूशी साऱ्या प्रभारांच्या विभवांची बेरीज एक व्हावी’ एवढीच अट घालावी. बाहेरच्या हवेत समीकरण आपोआप पाळले जाते, अनंताशी विभव शून्य होणेही आपोआप साधते. तीन मितींचा प्रश्न दोन मितींवर येतो. अज्ञात फलन समाकलनाच्या चिन्हाखाली असते, म्हणून हे समाकल समीकरण.

आता पत्रा घेऊ. बाजू एक एकक. त्याच्या तीन गुणिले तीन अशा नऊ समान चौकटी पाडू, प्रत्येक चौकटीत प्रभाराची घनता सर्वत्र सारखी मानू, आणि अट फक्त चौकटींच्या मध्यबिंदूंशी घालू. याच रीतीला आज कोलोकेशन म्हणतात. पण ती संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. हेन्री कॅव्हेंडिश यांचे अठराव्या शतकातले अप्रकाशित विद्युतप्रयोग जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी संपादित केले आणि ते १८७९ साली, म्हणजे मॅक्सवेल यांच्या निधनाच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. त्यांच्या टिपांमध्ये मॅक्सवेल यांनी चौरस पत्र्याचे ३६ तुकडे पाडून हेच गणित हाताने केले आहे. सममिती ओळखली तर ३६ अज्ञातांचे सहाच उरतात, तरीही सहा समीकरणे हाताने सोडवणे ही चिकाटीची गोष्ट आहे. आपल्याला नऊ चौकटींत तीनच अज्ञात पुरतात: कोपऱ्याच्या चौकटीची घनता, कडेच्या मधल्या चौकटीची घनता आणि केंद्रातल्या चौकटीची घनता.

लहान चौकटीची बाजू हे अंतराचे माप धरले, तर दूरच्या चौकटीचा वाटा म्हणजे एक भागिले अंतर. कोपऱ्याच्या चौकटीच्या मध्याशी उभे राहून पाहू. दोन घरे दूर असलेले दोन कोपरे प्रत्येकी ०.५ देतात, कर्णाच्या टोकाचा कोपरा ०.३५३६ देतो. शेजारच्या दोन कडेच्या चौकटी प्रत्येकी १ देतात, पलीकडच्या दोन प्रत्येकी ०.४४७२. केंद्राची चौकट ०.७०७१. इथपर्यंत सारे सोपे आहे. पण कोपऱ्याच्या चौकटीचा स्वतःच्याच मध्यबिंदूवर वाटा किती? अंतर शून्य आहे, आणि एक भागिले शून्य लिहिता येत नाही. मॅट्रिक्समध्ये, म्हणजे समीकरणांतल्या गुणकांच्या तक्त्यात, ही संख्या कर्णावर बसते, ती ओळीतली सर्वांत मोठी संख्या असते आणि उत्तराचा दर्जा तीच ठरवते.

सुदैवाने ही अनंतता वरवरची आहे. मध्यबिंदूभोवती पातळ वलये कल्पिली, तर वलयाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या प्रमाणात वाढते आणि विभव त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात घटतो, त्यामुळे दोघे एकमेकांना खोडतात आणि समाकलन सांत राहते. एकक चौकटीसाठी त्याची किंमत ‘एक अधिक दोनचे वर्गमूळ’ याच्या नैसर्गिक लॉगरिदमाच्या चौपट, म्हणजे ३.५२५५, अशी नेमकी येते. ही संख्या हाती आली की कोपऱ्याच्या ओळीत घनतांचे गुणक ४.८७९०, २.८९४४ आणि ०.७०७१ असे होतात. कडेच्या चौकटीची ओळ २.८९४४, ५.४३९७ आणि १, तर केंद्राची ओळ २.८२८४, ४ आणि ३.५२५५. तिन्ही ओळींची उजवी बाजू ३, कारण चौकटीची बाजू पत्र्याच्या बाजूचा तिसरा हिस्सा आहे. हे तीन अज्ञात सोडवायला दहा मिनिटे लागतात. कोपऱ्याची घनता ०.४१०९ येते, कडेची ०.२९९५ आणि केंद्राची ०.१८१५.

इथे थोडे थांबावे असे मला नेहमी वाटते. कोपऱ्यातला प्रभार केंद्राच्या सव्वादोन पटीहून किंचित जास्त दाट आहे. समान चिन्हांचे प्रभार एकमेकांना ढकलतात आणि कडेकोपऱ्यांत जाऊन साचतात, हे पुस्तकातले वाक्य सर्वांनी वाचलेले असते, पण ते तीन ओळींच्या गणितातून स्वतःच्या वहीत उतरलेले पाहणे वेगळे. एकूण प्रभार ०.३३५९ येतो आणि तोच या पत्र्याचा कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतधारिता. आधुनिक गणनेने मिळालेली खरी किंमत ०.३६६८ आहे.

म्हणजे आपण साडेआठ टक्क्यांनी कमी पडलो. आपण कमी पडलो आहोत हे खरी किंमत ठाऊक नसतानाही कळू शकते, कारण समान क्षेत्रफळाच्या सर्व सपाट पत्र्यांत वर्तुळाकार चकतीची धारिता सर्वांत कमी असते, असे पोल्या आणि सेगो या गणितज्ञांनी सिद्ध केले आहे. एक चौरस एकक क्षेत्रफळाच्या चकतीची धारिता ०.३५९२ येते, तेव्हा चौरसाची तिच्याहून जास्तच असली पाहिजे. आकडेमोड करणाऱ्याने अशा मर्यादा नेहमी हाताशी ठेवाव्यात.

एकाच चौकटीचा पत्रा धरला तर उत्तर ०.२८३६ येते, चार चौकटींचा धरला तर ०.३२०९. तुटीचे आकडे क्रमाने ०.०८३२, ०.०४५९ आणि ०.०३०९. बाजूवरच्या तुकड्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात तूट घटते आहे, म्हणजे संथ गतीने. याचे कारण कडेशी आहे. पत्र्याच्या कडेकडे जाताना प्रभाराची घनता अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढत अनंताकडे जाते, आणि सपाट, एकाच उंचीच्या चौकटी तिचा पाठलाग करू शकत नाहीत. सरळ उपाय म्हणजे कडेजवळ चौकटी लहान लहान करत जाणे. दुसरा उपाय याहून स्वस्त आहे: तूट ज्या नियमाने घटते तो नियमच वापरून घेणे. तूट तुकड्यांच्या व्यस्त प्रमाणात असेल तर नऊ चौकटींच्या उत्तराच्या तिपटीतून चार चौकटींच्या उत्तराची दुप्पट वजा केली की ती कटून जाते. १.००७७ वजा ०.६४१८, उत्तर ०.३६५९. तीन अज्ञातांच्या हातगणितातून पाव टक्क्याच्या आतले उत्तर निघाले. रिचर्डसन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती मला सर्वांत जास्त आवडते, कारण तिच्यात चूक लपवलेली नसते, चुकीची वागणूक समजून घेतलेली असते.

कर्णावरच्या त्या संख्येकडे परत येतो. चौरसासाठी तिचे सूत्र मिळाले, पण वाकड्या पृष्ठभागावरच्या त्रिकोणी तुकड्याला, किंवा घनता तुकड्यात बदलत असेल तेव्हा, असे तयार सूत्र मिळतेच असे नाही. मग समाकलनही आकड्यांनी करावे लागते, आणि अनेक नव्या माणसांचे पाऊल इथेच घसरते. एकक चौकटीचे चार भाग करून प्रत्येकाच्या मध्याशी किंमत घेतली तर ३.५२५५ च्या जागी २.८२८ येते. सोळा भाग केले तर ३.१५१. दरवेळी काम चौपट होते आणि चूक जेमतेम निम्मी होते. त्याऐवजी चौकट मध्यबिंदूपासून चार त्रिकोणांत कापावी, प्रत्येक त्रिकोणात एक चल केंद्रापासून बाहेर जाणारा आणि दुसरा समोरच्या बाजूवरून सरकणारा असा घ्यावा, म्हणजे चलबदलातून येणारा गुणक आणि एक भागिले अंतर यांची गाठ पडते व अनंतता समूळ नाहीशी होते. उरते ते इतके गुळगुळीत फलन की गाऊस यांच्या तीन बिंदूंच्या सूत्राने ३.५३४६ मिळते. चार त्रिकोणांचे मिळून बारा बिंदू आणि चूक पाव टक्का, तर भोळेपणाने घेतलेल्या सोळा बिंदूंत चूक साडेदहा टक्क्यांहून जास्त. डफी यांनी १९८२ साली मांडलेल्या रूपांतराचे मर्म हेच आहे. जी अनंतता येणार हे आपल्याला आधीच माहीत आहे तिच्यावर बिंदूंचा मारा करण्यात अर्थ नसतो. तिचा आकार ओळखून चलच तसे निवडावे लागतात.

या पत्र्याचा आपल्या रोजच्या जगण्याशी एक थेट संबंध आहे. आपल्याकडे जुन्या इमारतींच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगसाठी ६० सेंटीमीटर गुणिले ६० सेंटीमीटरची प्लेट कोळसा आणि मीठ घालून खड्ड्यात उभी पुरतात. जमिनीत पसरणारा प्रवाह आणि हवेतले विद्युतक्षेत्र एकच समीकरण पाळतात, म्हणून प्लेटचा रोध तिच्या धारितेवरून लगेच निघतो: जमिनीची रोधकता भागिले, चार पाय (४π) गुणिले धारिता. बाजू ०.६ मीटर असल्याने धारिता ०.३६६८ च्या ०.६ पट. भोवतालच्या मातीची रोधकता १०० ओहम-मीटर धरली, तर अथांग मातीत या प्लेटचा रोध सुमारे ३६.२ ओहम येतो. आता जमिनीचा पृष्ठभाग. त्यातून प्रवाह वर हवेत जाऊ शकत नाही, आणि ही अट पाळायला पृष्ठभागावर एकही तुकडा पाडावा लागत नाही. पृष्ठभागाच्या वर आरशातल्यासारखी दुसरी प्लेट कल्पिली की काम झाले. प्लेटचा मध्य दीड मीटर खोल असेल तर प्रतिमा तीन मीटर दूर पडते आणि तिचा वाटा सुमारे २.७ ओहम. एकूण जवळजवळ ३९. नऊ चौकटींचे कच्चे उत्तर वापरले असते तर ४२ च्या आसपास आले असते. उन्हाळा आणि पावसाळा यांत मातीची रोधकता कितीतरी पटींनी बदलते हे लक्षात घेता, अर्थिंग करणाऱ्याला तो कच्चा आकडाही पुरेसा आहे, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अचूकता कुठे कामाची आणि कुठे केवळ शोभेची, हे प्रश्नच ठरवतो.

आतापर्यंत जे समीकरण सोडवले त्यात अज्ञात फक्त समाकलनाखाली होते. याला पहिल्या प्रकारचे समीकरण म्हणतात आणि त्याचा एक स्वभावदोष आहे. समाकलन चढउतार पुसून टाकते. घनतेतल्या बारीक लाटा विभवात जवळजवळ दिसतच नाहीत. उलट दिशेने, विभवावरून घनता काढताना, त्या लाटा ओढून काढाव्या लागतात, आणि तुकडे जसजसे बारीक करावेत तसतसे मॅट्रिक्स अधिक हळवे होत जाते. बंद सीमेच्या आतला प्रश्न असेल तर दुसरा मार्ग आहे. सीमेवर साध्या प्रभाराऐवजी आत-बाहेर तोंड केलेल्या जोडप्रभारांचा, म्हणजे द्विध्रुवांचा, थर मांडायचा. हा द्विस्तर विभव सीमा ओलांडताना उडी घेतो. थराची घनता सर्वत्र एक असेल तर आत त्याची किंमत नेमकी एक, बाहेर नेमकी शून्य, आणि गुळगुळीत सीमेवर नेमकी अर्धी. त्या अर्ध्यामुळे अज्ञात समाकलनाच्या बाहेरही येते, आणि समीकरण दुसऱ्या प्रकारचे होते. कार्ल नॉयमान यांनी १८७७ मध्ये बहिर्वक्र सीमांसाठी हा मार्ग वापरला, फ्रेडहोम यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा सर्वसाधारण सिद्धांत उभा केला, आणि नीस्ट्रोम यांनी १९३० साली तो प्रत्यक्ष कसा सोडवावा ते दाखवले: समाकलनाच्या जागी बिंदूंवरची बेरीज लिहा, त्याच बिंदूंशी समीकरण पाळायला लावा, बस.

नीस्ट्रोम यांची रीत दोन मितींतल्या गुळगुळीत सीमेवर जे करून दाखवते त्याचे मला आजही अप्रूप वाटते. लंबवर्तुळ घेऊ, अर्धअक्ष २ आणि १. इथे कर्णावर काय बसते? दोन बिंदू एकमेकांजवळ आणले की द्विस्तराचा कर्नल, म्हणजे समाकलनाखाली घनतेला गुणणारे फलन, अनंताकडे जातच नाही. तो त्या बिंदूशी सीमेची वक्रता भागिले चार पाय, या किमतीला शांतपणे पोहोचतो. कर्णावरची संख्या म्हणजे सीमेचा बाक. सारे फलन गुळगुळीत आणि आवर्ती असल्यामुळे समान अंतराच्या बिंदूंची साधी बेरीज, जिला शाळेत समलंब नियम म्हणतात, घातांकी वेगाने अचूक होते. या लंबवर्तुळासाठी घनता एक धरून आलेली बेरीज अर्ध्याशी ताडून पाहिली, तर प्रत्येक नव्या बिंदूगणिक चूक एक तृतीयांश होते. आठ बिंदूंत सापेक्ष चूक दहा हजारांत तीन, सोळा बिंदूंत कोटीत अर्धा भाग, आणि बत्तीस बिंदूंत संगणकाच्या अंकांची मर्यादाच गाठली जाते. पत्र्यावर तुकडे दुप्पट केले की चूक निम्मी होत होती, इथे बिंदू दुप्पट केले की बरोबर अंकांची संख्या दुप्पट होते. म्हणून मी आग्रहाने सांगतो की पद्धत निवडण्याआधी समीकरण निवडावे. चांगल्या समीकरणाला साधी पद्धतही पुरते, आणि वाईट समीकरणावर महागडी पद्धत वाया जाते.

सीमेला कोपरे असतील तर हे सुख टिकत नाही. कोपऱ्याशी अर्ध्याच्या जागी कोनाचा हिस्सा येतो, काटकोनाला पाव, आणि कर्नल गुळगुळीत राहत नाही. बिंदू कोपऱ्याकडे दाट करत नेले की काम भागते.

समीकरणाच्या निवडीचा धडा मला स्वतःला एका वर्तुळाने दिला. सुरुवातीच्या काळात मी दोन मितींतल्या एकस्तर विभवाचा, म्हणजे साध्या प्रभाराचा, प्रोग्राम लिहिला आणि तपासणीसाठी सर्वांत निरागस सीमा निवडली: एक त्रिज्येचे वर्तुळ. उत्तरे हजारोंच्या घरात उसळू लागली. लंबवर्तुळावर प्रोग्राम नीट चाले, दोन त्रिज्येच्या वर्तुळावर नीट चाले, आणि एक त्रिज्येवर कोसळे. दोन दिवस मी ओळ न ओळ तपासत राहिलो. चूक प्रोग्राममध्ये नव्हतीच. दोन मितींत विभव अंतराच्या लॉगरिदमावर अवलंबून असतो, आणि वर्तुळावर सारखी घनता पसरली तर तिचा सीमेवरचा विभव त्रिज्या गुणिले त्रिज्येचा लॉगरिदम, उणे चिन्हासह, इतका येतो. त्रिज्या एक असेल तर लॉगरिदम शून्य. घनता आहे पण विभव नाही. म्हणजे समीकरणाला एकमेव उत्तरच नाही. तीच आकृती मीटरऐवजी सेंटीमीटरमध्ये मोजली असती तर अडचण आली नसती. यावर नेहमीचा इलाज म्हणजे एक अज्ञात स्थिरांक वाढवायचा आणि एकूण प्रभाराची अट जोडायची. त्या दिवसापासून मी कोणताही प्रोग्राम एक त्रिज्येच्या वर्तुळावर मुद्दाम चालवून पाहतो.

घनता अचूक मिळाली तरी काम संपत नाही, कारण आपल्याला बहुतेक वेळा आतल्या बिंदूंशी विभव हवा असतो. सीमेपासून दूर तो सुरेख येतो. सीमेजवळ मात्र कर्नल उंच टोकदार शिखरासारखा होतो आणि बिंदूंच्या फटींतून ते शिखर निसटते, किंवा एखाद्या बिंदूवर सापडते आणि सारी बेरीज फुगवते. एक त्रिज्येच्या वर्तुळावर ३२ बिंदू घ्या, द्विस्तराची घनता एक ठेवा, म्हणजे आत सर्वत्र उत्तर नेमके एक यायला हवे. केंद्रापासून अर्ध्या अंतरावर चूक दहाव्या दशांश स्थळी असते. एखाद्या बिंदूच्या रेषेत ०.९ वर गेले की चूक साडेतीन टक्के. ०.९९ वर बेरीज ३.६४ येते. एकच्या जागी ३.६४, आणि घनतेत काडीचीही चूक नाही! ज्यांना पृष्ठभागालगतचा ताण किंवा दोन जवळजवळच्या थेंबांमधला प्रवाह मोजायचा असतो, त्यांच्यासाठी नेमकी हीच जागा महत्त्वाची असते. बिंदू वाढवणे हा एक उपाय. दुसरा, अलीकडचा आणि देखणा उपाय क्लॉक्नर, बार्नेट, ग्रीनगार्ड आणि ओ’नील यांनी २०१३ मध्ये मांडला: सीमेपासून थोड्या अंतरावर, जिथे बेरीज विश्वासार्ह आहे, तिथे विभवाची श्रेणी उलगडायची आणि त्या श्रेणीच्या आधाराने सीमेपर्यंत, अगदी सीमेवरही, चालत यायचे. कर्णावरची अडचणही त्याच श्रेणीने सुटते.

मोठ्या प्रश्नांबद्दल थोडक्यात. सीमा पद्धतीत अज्ञात कमी असतात, पण प्रत्येक तुकडा प्रत्येक तुकड्यावर प्रभाव टाकतो, म्हणून मॅट्रिक्समध्ये शून्ये नसतात. दहा हजार अज्ञातांना दहा कोटी संख्या, म्हणजे ८०० मेगाबाइट. एक लाख अज्ञातांना ८० गीगाबाइट, आणि सरळ निरसनाने सोडवायचे तर काम हजारपट. ही भिंत रोखलिन यांच्या १९८५ च्या आणि ग्रीनगार्ड–रोखलिन यांच्या १९८७ च्या कामाने फोडली. दूरच्या तुकड्यांच्या झुंडीचा विभव काही मोजक्या संज्ञांच्या श्रेणीत एकत्र बांधता येतो, मग प्रत्येक तुकड्याची दखल स्वतंत्रपणे घ्यावी लागत नाही. शेजारच्यांचा हिशेब मात्र एकेकाचा ठेवायचा. मॅट्रिक्स कधी लिहावेच लागत नाही, फक्त त्याचा गुणाकार करता यावा लागतो, आणि साद व शुल्ट्झ यांची १९८६ ची जीएमआरईएस ही पुनरावृत्तीची रीत तेवढ्यावर भागवते. इथे पुन्हा दुसऱ्या प्रकारच्या समीकरणाचा फायदा दिसतो: तुकडे कितीही बारीक केले तरी फेऱ्यांची संख्या वाढत नाही. झुंडीत बांधता न येणारा शेजाऱ्यांचा आणि स्वतःचा वाटा मात्र तेव्हाही वेगळा, काळजीपूर्वकच काढावा लागतो.

हा लेख लिहिताना मी पत्र्याच्या सोळा चौकटीही वहीत सोडवल्या. चार गुणिले चारमध्येही सममितीने तीनच अज्ञात उरतात: चार कोपरे, कडेच्या आठ चौकटी, आतल्या चार. उजवी बाजू ४. कोपऱ्याच्या ओळीतले गुणक ४.४२७९, ४.१८७२ आणि १.९५५१, कडेच्या ओळीतले २.०९३६, ७.१३०१ आणि २.६५४३, आतल्या ओळीतले १.९५५१, ५.३०८६ आणि ६.२३२६. घनता क्रमाने ०.४९२१, ०.३४४२ आणि ०.१९४३ येतात, म्हणजे चौकट लहान झाली तशी कोपऱ्यातली घनता ०.४११ वरून ०.४९२ वर चढली, जशी ती चढायलाच हवी होती. धारिता ०.३४३७. तिच्या चौपटीतून नऊ चौकटींच्या उत्तराची तिप्पट वजा केली तर ०.३६७१ उरते, खऱ्या किमतीपासून हजारात एका भागाहूनही कमी अंतरावर.